बुजवू नये

हॉलिस म्हणतो, घर कसं आहे ते दारातून कळत नसतं,
पोटाखाली शिरल्यावर कळतं.
तो स्वतः आता शिरत नाही, गुडघे गेलेत.
मी अंगानं काटकुळी, म्हणून
पूर्व टेनेसीतल्या या खोऱ्यातली निम्मी घरं
मला खालून ओळखता येतात.
वरून विचाराल तर रंगही सांगता यायचा नाही.

इमोजीन केट्सच्या घराखाली दीड फूट जागा.
कोपरांवर सरकायचं. कपाळाला दिवा, तोंडाला फडकं,
मागे दोरीनं ओढत आणलेला लुकणाचा डबा,
थंडीनं गोठून आदल्या दिवशीच्या पिठल्यासारखा.
मातीवर अंथरलेलं प्लॅस्टिक फाटलेलं,
काचेचा कापूस तुळयांवरून लोंबतोय,
आणि कुबड काढलेले ते रातकिडे
दिव्यावर नाही, माझ्यावरच उड्या मारतात.

बाईंची तक्रार साधी.
स्वयंपाकघरात कोट घालून कणीक मळावी लागते
आणि बिल येतं जणू अख्खं चर्च तापवलंय.

भट्टीपासून निघाले. एकेक डक्ट चाचपत,
हाताचा पंजा ओला करून सांध्यांवर धरत.
सगळे सांधे शाबूत. नुसते शाबूत नाहीत, देखणे,
कडेला बोटानं फिरवलेली लुकणाची गोट.
वर तुळईवर पेन्सिलीनं लिहिलेलं,
ऑक्टोबर ८४. पट्ट्या बदलल्या.
ऑक्टोबर ८७. उंदीर. जाळी ठोकली.
ऑक्टोबर ९१. जाळी पुन्हा. उंदीर हुशार.
पुढेपुढे अक्षर मोठं, वाकडं,
एका वर्षी नुसता महिना.

शेवटच्या वळणावर तोंडावर वारा आला,
ऊबदार, सरळ, भरपूर.
डक्ट चार बोटं उघडा.
निसटलेला नाही. पत्रा कात्रीनं नीट कापून मागे दुमडलेला,
धार लागू नये म्हणून कडेला चिंधी.
तुळईवर, खाली दोन रेघा मारून:
हा सांधा बुजवू नये.

आणि त्याच्या खाली मातीत एक खळगा.
परातीएवढा. कडा गुळगुळीत.

मी त्या भोकालाच तोंड लावून ओरडले,
"मिसेस केट्स! इथं लिहिलंय, बुजवू नये! का?"
वर काहीच नाही. मग सपाता. मग खुर्ची सरकली.
मग जाळीतून, पत्र्यातून, डब्यात बोलल्यासारखा आवाज:
"एल्डनचं अक्षर?"
"हो."
"पर्ली," ती म्हणाली.
"कुत्री. कुणीतरी हायवेवर टाकून दिलेली.
घरात यायची नाही. दार दिसलं की मुतायची भीतीनं.
तिथं खाली निजायची."
"आता?"
"आता काय. सतरा वर्षं झाली तिला."

भट्टी बंद झाली. पुन्हा सुरू झाली.

"तो दर ऑक्टोबरला खाली जायचा," आवाज म्हणाला,
"तासभर. वर येऊन म्हणायचा, सगळं ठीक आहे.
मी इकडे मोजे दोन-दोन घालतेय
आणि म्हणे सगळं ठीक."
मग ती हसली की खोकली,
पत्र्यातून नक्की कळत नाही.
"बुजव, पोरी."
"पूर्ण?"
"बिल तू भरणार आहेस का?"

चिंधी काढली. निळी होती कधीतरी.
पत्रा सरळ करताना थोडा कुरकुरला.
जाळीची पट्टी, वर लुकण, कडेनं बोट फिरवलं,
त्याच्यासारखी गोट काही जमली नाही.
चेहऱ्यावरचा वारा थांबला
आणि लगेच, अगदी लगेच,
तिथं जमिनीखाली असते तेवढी थंडी झाली.

पेन्सिल खिशात होती. मी काही लिहिलं नाही.

"अगं," पाठीवरच्या फळ्यांमधून आवाज आला,
"पडदा हलतोय!"

वळायला जागा नसते अशा ठिकाणी.
मागच्या मागेच सरकत निघायचं.
त्यामुळे कपाळावरचा दिवा
बराच वेळ त्या खळग्यावर राहिला.